माझगावची जीप

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कितीतरी गाड्या लष्कराबाहेर, सामान्यांच्या हाती गेल्या. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची अनेकांशी पहिली ओळख झाली ती अशी, वापरलेल्या गाडीतूनच.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत, माझगावला, महिंद्रा कंपनीने सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला घेतली.

आज त्याच घराण्यातली जुनी गाडी सह्याद्रीत शनिवार-रविवार भटकण्यासाठी शोधली जाते. जाणता गिऱ्हाईक रंगावर भाळत नाही. तो गाडीखाली वाकून चासीचा गंज बघतो, मग कच्च्या चढावर चारही चाकं जोडणारा छोटा दांडा ओढून पुढची चाकं खरोखर माती धरतात का, ते तपासतो.