विकीच्या खुणा : लेखनाधिकाराच्या इतिहासांतील एक प्रकरण

मजकूर लिहिणें आणि तो मांडणें हीं दोन कामें मुद्रणाच्या युगांत निरनिराळ्या हातांनीं होत. मथळा कोठें, ठळक अक्षर कोणतें, हें प्रत्यक्षांत आणण्याचें काम जुळाऱ्याचें असे. संगणकावर तें काम एचटीएमएल ही सांकेतिक भाषा जाणणाऱ्यांकडे गेलें. तें सामान्य लेखकाच्या हातीं कसें आलें, याचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

ता. २५ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम यांनीं ‘विकिविकिवेब’ सुरू केलें. ‘विकी’ या हवाईयन शब्दाचा अर्थ ‘त्वरित’. वाचणाऱ्यानेंच पान दुरुस्त करावें, ही त्यांची कल्पना. आणि ती साध्य झाली कांहीं साध्या खुणांमुळें. ओळ मोकळी सोडली कीं नवा परिच्छेद, ओळीच्या आरंभीं तारका दिली कीं यादी. या खुणांचें एचटीएमएल यंत्रच करी.

परंतु एका खुणेंत इंग्रजीची मक्तेदारी दडलेली होती. दुसऱ्या पानाचा दुवा द्यावयाचा तर मोठ्या आद्याक्षरांचे शब्द एकमेकांस जोडून लिहावयाचे! देवनागरींत लहानमोठीं अक्षरें नाहींत. त्या रीतीनें मराठींत एकही दुवा देतां आला नसता. २००१ सालीं निघालेल्या विकिपीडियाचा आरंभही याच रीतीनें झाला. पण लौकरच तेथें दुहेरी चौकटी कंस आले. ता. १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियास हा मार्ग मोकळा मिळाला. खूण क्षुल्लक दिसते; पण कोणी लिहावें हें तीच ठरविते.

पुढें या खुणांच्या बोली वाढल्या. २००४ सालीं जॉन ग्रूबर यांनीं ‘मार्कडाउन’ प्रसिद्ध केलें. खुणांसह मूळ मजकूरही सुखानें वाचतां यावा, हा त्यांचा कटाक्ष. मात्र ओळीच्या आरंभींचें # हें चिन्ह मार्कडाउनमध्यें मथळा दाखवितें, तर विकिपीडियाच्या मीडियाविकींत क्रमांकित यादी. अर्थात् एकीकडील लेख दुसरीकडे ठेवला कीं मथळ्याची यादी होते! सर्व विकींना एक बोली द्यावी म्हणून २००७ सालीं ‘क्रिओल’ सिद्ध झाली. पण जुन्या बोली तिनें हटल्या नाहींत.

तेव्हां व्यवहारानें निराळी वाट काढली, ती प्लगिनची. मूळ विकीस हात न लावतां हा जोडभाग बसवावयाचा; तो मार्कडाउनच्या खुणा ओळखून त्यांचें एचटीएमएल करतो. जुनीं पानें जुन्या बोलींत राहतात, नवा लेखक आपल्या संवयीच्या बोलींत लिहितो. या सोयीची किंमतही आहे. विकीची नवी आवृत्ति निघाली आणि प्लगिन सांभाळणारा कोणी उरला नाहीं, तर सजलेलें पान उघड्या खुणांनिशीं वाचकापुढें येतें.

म्हणून आमच्या मतें दोन पथ्यें पाळावीं. प्लगिननें मजकुराचा अर्थ लावावा, मूळ मजकूर बदलूं नये. आणि बोली अशी निवडावी, कीं जिचे नियम लिहून ठेवलेले आहेत. मार्कडाउनचे नियम २०१४ सालीं ‘कॉमनमार्क’नें काटेकोरपणें मांडले, हें त्या दृष्टीनें मोठेंच काम झालें. यंत्रें बदलतील, प्लगिनें मोडतील. अनेकांच्या हातांनीं सांठविलेलें ज्ञान मात्र तीं मोडल्यावरही वाचतां आलें पाहिजे.