ओर्ता, गार्सिया द

(सु. १५०१–१५६८). पोर्तुगीज वैद्य व औषधी वनस्पतींचा अभ्यासक. जन्म पोर्तुगालमधील काश्तेलू द व्हीद येथे. आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले व पुढे सक्तीने बाटवलेले ज्यू. शिक्षण सालामांका व आल्काला येथे. गावी काही वर्षे वैद्यकी करून तो लिस्बन विद्यापीठात शिकवू लागला. १५३४ मध्ये पोर्तुगीज आरमारप्रमुख मार्तिं आफोंसु द सौझाबरोबर गोव्यास आला, तो कायमचाच.

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले. शाहाने त्याला रोगांची अरबी नावे सांगायची आणि त्याने शाहाला लॅटिन, असा पाठ दोन्हीकडून चाले. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. तिथले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळे, याचे त्याला भारी कौतुक.

औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात ५७ संभाषणे असून मुद्रणदोष विपुल आहेत. पोर्तुगीज कवी कामॉइंश याची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथातील. संवादांत रुआनो हा काल्पनिक पाहुणा डायॉस्कॉरिडीझ व गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्यांचे दाखले देतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेल्यावरून ते खोडतो. ओर्ताचे खरे अध्यापन हेच म्हणावे लागेल. कोरफड, हिंग, भांग, अफू, फणस असे विषय चालू असताना मध्येच रोगी येतात. धोतऱ्याच्या संभाषणात दागिने लांबवण्यासाठी दासीने धोतरा चारलेली एक बाई येते. काहीही विचारले तरी ती नुसती हसते. मोडशीचे (पटकीचे) वर्णन तर आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडावे: नाडी बुडालेली, अंग गार, डोळे खोल गेलेले, तहान अनावर, पोटऱ्यांत गोळे. अतिसारावर मलबारी वैद्य देत ते कुड्याचे औषधही त्याने नोंदवले. मात्र वैद्यांच्या शास्त्रग्रंथांशी त्याचा परिचय नव्हता. ज्ञान सारे ऐकीव व पाहीव.

विवाह ब्रियांदा द सोलिस हिच्याशी.

तो मनातून कोणता धर्म पाळत होता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच्या मृत्यूनंतर बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने (धर्मन्यायालयाने) ज्यू धर्म पाळल्यावरून १५६९ मध्ये जिवंत जाळले; १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या.

युरोपला ग्रंथ कळला तो वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसच्या लॅटिन संक्षेपातून (अँटवर्प, १५६७). त्यात संवादरूप काढून टाकले गेले. द्रव्यांची माहिती उरली, रोगी बव्हंशी गळाले. मार्कमचा इंग्रजी अनुवाद १९१३ चा.