घोंगडी

घोंगडी : दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून हातमागावर विणलेले जाड व खरखरीत पांघरूण. ‘घोंगडे’ आणि ‘कांबळे’ या नावांनीही ते ओळखले जाते. सातारा जिल्ह्यातील माण, खटाव व फलटण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत व कवठे महांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांत धनगरांनी मेंढ्या राखायच्या व सणगरांनी त्यांच्या लोकरीची घोंगडी विणायची, अशी कामाची विभागणी परंपरेने चालत आली असून माण तालुक्यातील म्हसवड हे गाव घोंगड्यांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. अंथरूण, पांघरूण आणि अंगावरचा आडोसा या तिन्ही गरजा एकाच वस्त्रात भागत असल्याने थंडीतील प्रवासाचे या भागातील सर्वांत उपयुक्त साधन म्हणून घोंगडीचा उल्लेख करावा लागतो.

या पठारी तालुक्यांत हिवाळ्यात हवा कोरडी व आकाश निरभ्र असते, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते आणि दुपारी नकोसे वाटणारे पांघरूण पहाटे अपुरे पडते. नेमक्या याच ऋतूत, दिवाळीनंतर, येथील अनेक धनगर कुटुंबे चाऱ्यासाठी घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. एकत्र फिरणाऱ्या अशा कुटुंबांच्या समूहाला ‘वाडा’ म्हणतात. वाड्याचे सारे बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर लादलेले असते व मुक्काम उघड्या शेतात पडतो, म्हणून सामानात जी वस्तू घ्यायची ती अनेक कामांना उपयोगी पडेल अशीच निवडावी लागते.

मेंढ्यांची लोकर साधारणपणे वर्षातून दोनदा कातरली जाते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे ‘जावळ’, सर्वांत मऊ असल्याने जावळाच्या घोंगडीला अधिक मान व अधिक किंमत मिळते. लोकर पिंजून तिचे सूत चरख्यावर काततात, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन तो ताठ करतात आणि नंतर खड्डामागावर घोंगडी विणतात. काळा, करडा, पांढरा हे मेंढीच्या अंगचेच रंग बहुधा तसेच ठेवले जातात.

लोकरीचे तंतू नागमोडी असल्यामुळे त्यांच्यामध्ये स्थिर हवा अडकून राहते आणि ही हवाच शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. महाबळेश्वरात कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरातील दव गोठते. अशा ठिकाणी दवाने भिजलेले सुती कापड अंगाची उष्णता ओढून घेते, तर दमट झालेली लोकर बरीचशी ऊब टिकवून धरते. मात्र खरखरीत लोकर कातडीला टोचते, म्हणून आत सुती बंडी किंवा सदरा, डोक्याला कानांवरून घेतलेले मुंडासे आणि सर्वांवर घोंगडी, असा पोशाखाचा क्रम उपयुक्त ठरतो.

चालताना ऊन असेल तर घोंगडी घडी करून खांद्यावर टाकतात. पाऊस किंवा बोचरा वारा सुटला की ती लांबीत दुमडून एका टोकाचा कोपरा आत खोचतात व तयार झालेले टोपडे डोक्यावर घेतात. उरलेला भाग पाठ झाकत पोटऱ्यांपर्यंत येतो. या रचनेला ‘खोळ’ म्हणतात. मुक्कामाला तीच घोंगडी निम्मी खाली व निम्मी वर घेऊन झोपता येते. ती गरम पाण्यात धुतल्यास आटते, म्हणून थंड पाणी वापरावे. कसर लागू नये यासाठी अधूनमधून कडक ऊन द्यावे आणि ठेवताना घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा.

गिरणीत तयार झालेल्या स्वस्त ब्लँकेटांमुळे घोंगडीची मागणी घटली, तर जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीसारख्या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या मेंढ्यांना पसंती मिळू लागल्याने लोकरीकडे दुर्लक्ष झाले. कातरणीचा खर्चही लोकरीच्या विक्रीतून अनेकदा निघत नाही, त्यामुळे सूत कातणारे व माग चालवणारे हात कमी होत आहेत. थंडीच्या प्रवासाची तयारी करणाऱ्यांनी हातमागावरची शुद्ध लोकरीची घोंगडी आवर्जून मागितली, तरच धनगराच्या लोकरीला मोल आणि सणगराच्या मागाला काम मिळेल.