आधी प्रश्न वाचावा

न्यू यॉर्कच्या दुकानातलं बाटलीबंद दूध धर्मनिष्ठ ज्यू माणसानं प्यावं का? प्रश्न किरकोळ वाटतो. पण जुना नियम असा की, दूध काढताना ज्यू माणूस हजर हवा, म्हणजे त्यात निषिद्ध जनावराचं दूध मिसळलं जाणार नाही. विसाव्या शतकातल्या अमेरिकेत एवढ्या डेअऱ्यांवर रोज कोण जाऊन उभं राहणार? रब्बी मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांनी याला दिलेलं उत्तर या विषयात शिरणाऱ्यानं अवश्य वाचावं. त्यांनी नियम मोडीत काढला नाही. समोर माणूस हवा तो कशासाठी, हे आधी तपासलं. हवा, तो खात्रीसाठी. सरकारी तपासनीस येतात, भेसळ सापडली तर दंड होतो, त्या धाकानं कंपनी भेसळ करायला धजत नाही; मग ही खात्री डोळ्यांनी पाहिल्याइतकीच पक्की नाही का? दूध चाललं. आणि तरीही ज्याला झेपेल त्यानं जुना कडक नियम पाळावा, असंही त्यांनी सुचवलं.

एका पत्रोत्तरात इतकं सगळं मावतं. ज्यू धर्मशास्त्राला, म्हणजे हलाखाला, रोजच्या जगण्याशी जोडणारं लेखन बहुतांशी अशाच प्रश्नोत्तरांत आहे. बाबिलोनियातल्या सुरा आणि पुंबेदिता इथल्या विद्यापीठांच्या प्रमुखांना उत्तर आफ्रिकेतून आणि स्पेनमधून पत्रं येत, तेव्हापासून हजाराहून अधिक वर्षं ही रीत अखंड चालू आहे. पायाशी तोरा हा मूळ धर्मग्रंथ, इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, तिच्यावरच्या वादचर्चेचा तालमूद आणि १५६५ मध्ये व्हेनिसला छापलेला योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ हा निबंधग्रंथ. एवढी तोंडओळख सुरुवातीला पुरे. ज्यांच्या घरी सोयरसुतकाचा घोळ पडला की ‘धर्मसिंधु’ उघडला जाई, त्यांना निबंधग्रंथ ही चीज परकी वाटणार नाही.

नवखा वाचक पानं उलटून थेट निकालाकडे धावतो. चालतं की नाही, एवढंच त्याला हवं असतं. माझ्या मते निकाल हा या लेखनातला सर्वांत कमी रसाचा भाग आहे. विजेचंच पाहा. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार मिश्नेत दिले आहेत. त्यांत आग पेटवणं आहे. बटण दाबणं असणार कुठून? तापून उजळणारी तार ही आगच, यावर फारसा वाद झाला नाही. पण जिथे काहीच तापत नाही, तिथे काय? ‘हझोन इश’ या नावानं ओळखले जाणारे रब्बी अव्राहाम येशाया करेलित्स म्हणाले की, तार जोडून वीजप्रवाह पुरा करणं हे एक प्रकारचं बांधकाम, म्हणून निषिद्ध. १९३५ मध्येच विजेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या रब्बी श्लोमो झाल्मन आउअरबाख यांना ही उपपत्ती पटली नाही. त्यांनी रूढीचा आधार पुरेसा मानला. बटणाला दोघांच्याही अनुयायांकडे हात लागत नाही. कारण मात्र वेगळं, आणि नवं उपकरण घरात आलं की नेमक्या त्या कारणापाशी वाटा फुटतात.

दवाखान्यात हे अधिक अवघड होतं. मरणासन्न रुग्णाचं श्वसनयंत्र काढणं म्हणजे आयुष्य तोडणं, म्हणून मनाई. पण यातना लांबवत राहणं हेही कर्तव्य नव्हे. जेरुसलेममधल्या शारे झेदेक रुग्णालयाच्या डॉक्टरांशी नित्य संबंध असलेले रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी सुचवलं, की यंत्राला घड्याळ जोडावं. ठरल्या वेळी ते आपोआप थांबेल, मग रुग्णाला तपासावं आणि पुन्हा सुरू करायचं की नाही ते ठरवावं. इस्राएलच्या २००५ च्या मरणासन्न रुग्णांविषयीच्या कायद्यात ही कल्पना उतरली. ही निव्वळ पळवाट, असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. चालू यंत्र स्वतःच्या हातानं बंद करणं आणि थांबलेलं पुन्हा न लावणं, यातलं अंतर तर्काला नगण्य वाटेल. खाटेशेजारी बसलेल्या मुलाला ते तसं वाटत नाही.

काही प्रश्नांपुढे मात्र तर्काची भाषाच थिटी पडते. लिथुएनियातल्या कोव्नोच्या घेट्टोत रब्बी एफ्राइम ओश्री यांना विचारलेले प्रश्न त्यांनी सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर टिपले, जमिनीत पुरले आणि युद्धानंतर उकरून काढून त्यांवर ग्रंथ लिहिले. नाझींच्या वेठबिगारीत जुंपलेल्यांनी, ‘मला गुलाम केलं नाहीस’ म्हणून देवाचे आभार मानणारी सकाळची प्रार्थना म्हणावी का? म्हणावी, असं ओश्री यांनी सांगितलं. शरीर कैदेत असलं तरी माणूस म्हणून आपण मुक्त आहोत, अशी त्यांची भूमिका.

या लेखनाची एक उणीव इथेच सांगायला हवी. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही बहुधा शिकलेले पुरुष. नवरा घटस्फोटाचं पत्र देत नाही म्हणून वर्षानुवर्षं अडकून पडलेली बायको, जिला अगुना म्हणतात, हजारो पानांत भेटते. पण बहुतेक वेळा तिच्याविषयी दुसरेच बोलत असतात. गेल्या काही दशकांत स्त्रिया स्वतः हलाखाचं शिक्षण घेऊन सल्ला देऊ लागल्या, तसं विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं स्वरूपही बदलू लागलं आहे.

मराठी वाचकाला या विषयात शिरायला सर्वांत जवळची वाट कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणानं ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, त्यांच्यातले अनेकजण इस्राएलला गेले, तेव्हा त्यांच्याशी इतर ज्यूंनी लग्नसंबंध करावेत का, हा प्रश्न तिथे उभा राहिला. शंका अशी, की पिढ्यान्‌पिढ्या रब्बींविना राहिलेल्या या समाजात घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील का? १९६२ मध्ये मुख्य रब्बीनेटनं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च ज्यू धर्मसंस्थेनं, लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. शब्बाथ जपलेल्या माणसांना आजी-पणजीची कुळकथा सिद्ध करायला सांगितली गेली. या वेळी मात्र ज्यांच्याविषयी प्रश्न होता ते गप्प बसले नाहीत. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, धरणं धरलं गेलं. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेनं बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर रब्बीनेटला सूचनांमधून त्यांचं नाव काढावं लागलं.