बांध कुठे पडणार?

मैत्रिणींनो, जमिनीची वाटणी ठरली की भांडण बांधावरून होतं, हे आपल्याला माहीत आहे. ब्रिटनचंही तसंच झालं. २३ जून २०१६ रोजी सुमारे ५२ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. उत्तर आयर्लंडचा कौल मात्र राहण्याचा होता. आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा तपासणी नाकी उभी राहिली, तर १९९८च्या शांतता कराराला धक्का! मुख्यतः याच मुद्द्यावर अडून संसदेने थेरेसा मे यांचा करार तीनदा नाकारला. त्यांची खुर्ची गेली. पुढे जॉन्सन यांनी तपासणी बंदरांवर नेली, म्हणजे बांध एकाच देशामधून गेला. त्या रागाने तिथल्या ब्रिटनवादी पक्षाने २०२२पासून दोन वर्षं प्रांताचं सरकार अडवलं. म्हणून आम्हाला वाटतं, बांध कुठे पडणार, हे कौल देण्याआधीच विचारावं.