डोईवरचा पदर
प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक झाकावे, या ख्रिस्ती रिवाजाला नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायाचा (वचने 2 ते 16) आधार आहे. पुरुषाने मस्तक उघडे ठेवावे, असेही तेथेच सांगितले आहे. कॅथलिक चर्चच्या 1917च्या धर्मसंहितेने (कलम 1262) हा रिवाज नियम म्हणून नोंदवला. 1983च्या संहितेत तो उरला नाही. गोव्यात ख्रिस्ती स्त्रिया चर्चला जाताना ‘ओल’ ही पांढरी चादर डोक्यावरून घेत. मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत वेगळ्या वस्त्राची गरज पडली नाही. साडीचा पदरच डोक्यावर आला. घरची मर्यादेची रीत आणि शास्त्रवचन त्यात एकत्र आले, म्हणून घरच्या प्रार्थनेतही अनेक कुटुंबांत तो टिकला.