काळपुळीचा माग

उमरखेडच्या दवाखान्यात आज रक्तातली साखर मिनिटभरात मोजून मिळते. ही सोय नव्हती तेव्हा धास्ती असायची ती काळपुळीची. मानेवर किंवा पाठीवर उठणारं, अनेक तोंडांचं, आठवडेच्या आठवडे वाहणारं गळू. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात त्याला ते उठलं, की घरचे हबकून जात. चरकसंहितेनं हा संबंध फार पूर्वीच हेरला होता. प्रमेहाकडे (मधुमेह त्यातलाच) दुर्लक्ष झालं की उठणाऱ्या सात पिडका तिथे सांगितल्या आहेत. त्यातली शराविका परळासारखी, कडा उंच आणि मध्ये खोलगट. रोग साखरेचा, मग गळवं का उठावीत? या प्रश्नाचा माग लागायला विसावं शतक सरत आलं.

लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षं त्यांनी तो पथ्यावर आवरून धरला. दुसरा इलाजच नव्हता. वयाची 64 वर्षं पुरी होऊन नऊ दिवस झाले होते, तेव्हा 1 ऑगस्ट 1920 रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या सरदारगृहात ते न्यूमोनियानं गेले. या मृत्यूचं खापर एकट्या मधुमेहावर फोडणं बरोबर नाही. पण उतारवय, मधुमेह आणि फुफ्फुसाचा संसर्ग हे त्रिकूट जमलं की डॉक्टरांच्या कपाळाला आजही आठ्या पडतात. टिळकांच्या हयातीत साखर उतरवणारं इन्सुलिन नव्हतंच; टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं ते जानेवारी 1922 मध्ये.

इन्सुलिन आलं आणि सगळ्यांचं लक्ष यकृत, स्नायू आणि चरबीकडे लागलं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या गोष्टीत शिरल्या त्या आडवाटेनं. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसी रॉथ आणि त्यांचे सहकारी पेशींवरचे इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिन जिथे चिकटतं ती दारं, मोजत होते. मोजण्यासाठी यकृताचा तुकडा कोण काढून देणार? रक्त मात्र दंडातून सहज मिळतं. म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशी हाताशी धरल्या. 1975 मध्ये त्यांना दिसलं, की लठ्ठ माणसांच्या या पेशींना इन्सुलिन कमी चिकटतं, आणि खाणं आवरलं की त्यात सुधारणा होते. पथ्याचा गुण असा थेट रक्ताच्या नमुन्यात दिसला.

खरी गंमत 1978 साली उघड झाली. हेल्डरमन आणि स्ट्रॉम यांना आढळलं, की स्वस्थ बसलेल्या टी-पेशीवर (हीही एक पांढरी पेशीच) इन्सुलिनचे रिसेप्टर जवळजवळ नसतातच. शत्रूची चाहूल लागून ती चेतली की ते उगवतात. यकृताच्या बदली म्हणून मैदानात उतरवलेला गडी मूळ संघातलाच निघाला.

मग वयाचं काय? 1983 साली अमेरिकेतल्याच एका गटानं म्हाताऱ्यांच्या आणि तरुणांच्या पेशी शेजारी ठेवून तपासल्या. म्हाताऱ्यांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होतं, पण त्यांच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना इन्सुलिन चिकटत होतं तरुणांइतकंच. बिघाड दारात नव्हता, निरोप आत पोचल्यावर पुढे कुठेतरी होता. म्हणजे लठ्ठपणातला दोष आणि म्हातारपणातला दोष, दोन्हींचा परिणाम सारखा दिसला तरी जागा एकच नव्हे. मधुमेही म्हाताऱ्यात दोन्ही एकत्र नांदू शकतात, आणि वर चढलेली साखर जंतू गिळणाऱ्या पेशींना मंद करते ती वेगळीच.

2018 मध्ये टोरांटोच्याच संशोधकांनी उंदरांच्या टी-पेशींमधला इन्सुलिनचा रिसेप्टर काढून टाकला. एच-1 एन-1 फ्लूशी लढताना त्या पेशी कमी पडल्या.

तीनच वर्षांनी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा संसर्ग पसरला. नागपूरसारख्या शहरांतल्या रुग्णालयांत कित्येकांचा वरचा जबडा किंवा डोळा काढावा लागला. कोविडसाठी दिलेल्या स्टेरॉइडनं साखर आणखी चढली होती. या रुग्णांत बहुतेक जण मधुमेही होते. काहींना तर आपल्याला मधुमेह आहे हे दाखल झाल्यावरच कळलं.